मुलांना स्नोमोबाइलची गोडी कशी लावावी

मुलीला पहिल्यांदा स्नोमोबाइलवर, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीवर, मागे बसवलं, तेव्हा मी साठ किलोमीटरची फेरी आखली होती. पेट्रोल कुठे भरायचं, दुपारी कुठे जेवायचं, सगळं ठरलेलं. आठव्या किलोमीटरला पाठीवर बुक्के बसायला लागले. थांबून बघतो तर हातमोज्यात बर्फ गेलेला, बोटं लालभडक, डोळ्यांत पाणी. परत फिरलो. पुढे महिनाभर तिने स्लेडचं नाव काढलं नाही (इथे अमेरिकेतल्या मिनेसोटात स्नोमोबाइलला सगळे स्लेडच म्हणतात). ती फेरी माझ्या हौसेची होती, तिच्या नव्हे. धाकट्याच्या वेळी बरंच काही उलट केलं, ते असं.

१. आधी वय आणि पाय बघा

अमेरिका आणि कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटना सांगतात की ६ वर्षांखालच्या मुलाला स्नोमोबाइलवर बसवूच नये आणि १६ वर्षांखालच्याने ती चालवू नये. कायदा याहून सैल आहे. मिनेसोटात सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला असेल तर १२ वर्षांचं मूल सार्वजनिक ट्रेलवर (स्लेडसाठी आखलेल्या वाटेवर) चालवू शकतं. मात्र १४ पूर्ण होईपर्यंत त्याने महामार्ग ओलांडायचा नाही. राज्याराज्यांत नियम बदलतात, आपल्याकडचे वाचून घ्या. पहिला आकडा आम्ही काटेकोर पाळला. दुसऱ्यावरून घरात अजून वाद चालू आहे आणि तूर्त बायकोची बाजू वरचढ आहे.

वय झालं तरी मागच्या सीटवर बसून दोन्ही पाय खालच्या पट्टीवर नीट टेकले पाहिजेत. गाडी दोघांसाठी बनवलेली हवी. आपण लहानपणी बाबांच्या स्कूटरवर पुढे उभे राहायचो, तसं मुलाला पुढ्यात घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. जोरात ब्रेक लागला तर ते हँडल आणि तुमच्या छातीच्या मध्ये चेपलं जाईल.

२. कपड्यांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा

उणे १० अंश तापमानात ताशी ४० किलोमीटर वारा अंगावर आला, तर तो उणे २१ सारखा झोंबतो. चालवणाऱ्यापुढे काच असते, त्याच्या हँडलला ऊब असते, शिवाय तो सतत अंग हलवत असतो. मागचं मूल नुसतं बसून गारठतं. मी हेच विसरलो होतो.

अंगालगत सुती काहीही नको. घामाने ओलं झालं की ते थंडगार पडतं. लोकर किंवा पॉलिस्टर घाला. हातमोजे पाच बोटांचे नकोत, अंगठा वेगळा आणि चारही बोटं एकत्र राहतील असे घ्या, आणि त्यांची मनगटपट्टी बाहीवर ओढून घट्ट करा. हेल्मेट मुलाच्याच मापाचं हवं. आजीने विणलेली जाड माकडटोपी प्रेमाची असली तरी हेल्मेटखाली नको. हेल्मेट वर उचललं जातं. पातळ टोपी चालते. मफलरचं टोक लोंबत ठेवू नका, गाडीखालच्या फिरत्या पट्ट्यात अडकू शकतं.

दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबून गाल आणि नाकाचा शेंडा बघा. पांढरट डाग दिसला की फेरी संपली, लगेच उबेत जायचं.

३. गाडी बंद असताना ओळख करून द्या

उजव्या अंगठ्याने वेग, डाव्या हाताने ब्रेक. चालवणाऱ्याच्या जाकिटाला अडकवायची एक दोरी असते; तो पडला की ती सुटते आणि इंजिन बंद होतं. ती मुलाला स्वतः ओढून बघू द्या.

गॅरेजमध्ये गोष्टीही निघतात. पोलॅरिस ही कंपनी इथल्याच रोझो या छोट्या गावात १९५४ मध्ये सुरू झाली, हे ऐकून मुलं नकाशा काढतात. क्वेबेकच्या बाँबार्डिए यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात आजारी पडला आणि बर्फामुळे त्याला दवाखान्यात नेता आलं नाही. तो गेला. पुढे त्या बापाने बर्फावर चालणाऱ्या गाड्या बनवल्या. धाकटा हे ऐकून बराच वेळ गप्प होता.

४. पहिली फेरी वीस मिनिटांची

मोकळं मैदान किंवा नुकताच सारखा केलेला ट्रेल निवडा, वेग ताशी २५-३० किलोमीटर. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून खुणा आधी ठरवा: पाठीवर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. थाप बसली की खरंच थांबा, एकदाही टाळू नका.

मुलाला काहीतरी काम द्या. समोरून येणारा स्लेडवाला बोटं दाखवतो. तीन बोटं म्हणजे त्याच्या मागे आणखी तीन गाड्या, मिटलेली मूठ म्हणजे तोच शेवटचा. धाकटा हे मोजतो, दोन्ही हातांनी घट्ट धरून. एक जरी गाडी कमी आली तरी रात्री जेवताना हिशेब मागतो.

“अजून एक चक्कर” अशी मागणी आली की मी गाडी बंद करतो. मन घट्ट करावं लागतं.

५. तळी मोठ्यांसाठी

गोठलेल्या तळ्यावर स्लेडसाठी ५ ते ७ इंच जाडीचा नवा, पारदर्शक बर्फ लागतो. पांढरा बर्फ जवळपास निम्माच मजबूत असतो. तळ्यावर जाडी सगळीकडे सारखी नसते. मूल मागे असताना आम्ही तळ्यावर जात नाही, शेजारी कितीही “काल गेलो होतो” म्हणाले तरी.

६. हिवाळ्याआधीही न्या

मिनेसोटात सुमारे ३५ हजार किलोमीटरचे ट्रेल आहेत आणि बहुतेकांची देखभाल स्थानिक क्लब करतात. १ डिसेंबरला ट्रेल उघडण्याआधी झुडपं छाटायला, पाट्या ठोकायला माणसं हवीच असतात. आपण ठोकलेली पाटी जानेवारीत बर्फातून डोकं वर काढून दिसते तेव्हा मूल ओरडतं.

संक्रांत ऐन मोसमात येते. खिशात मऊ तिळाची वडी ठेवा. चॉकलेटचा दगड होतो.

आणि ती सुरक्षा दोरी सांभाळायची जबाबदारी मी कौतुकाने मुलीवर सोपवली होती. दोन तास ट्रेलर ओढत ट्रेलवर पोचलो, दोरी घरी खुंटीला. आता एक तिच्या खिशात असते, आणि दुसरी, तिला न सांगता, माझ्या गाडीच्या खणात.