आल्फ्रेड-गुथ्रमचा तह वाचायला घेताना

आरंभीच्या मध्ययुगातले तह अभ्यासायचे असतील तर सुरुवात फ्रँक साम्राज्याची वाटणी करणाऱ्या ८४३ च्या व्हर्दाँ तहापासून करू नका. नाव मोठं, पण त्याचा मसुदाच उरलेला नाही. त्यापेक्षा दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि ईस्ट अँग्लियाचा डॅनिश राजा गुथ्रम यांचा तह घ्या. छोटी प्रस्तावना आणि जेमतेम पाच कलमं.

पहिली चूक इथेच होते: याला ‘वेडमोरचा तह’ म्हणणं. ८७८ मध्ये एडिंग्टनला हरल्यावर गुथ्रम १४ दिवस वेढ्यात अडकला, शरण आला आणि तीसेक साथीदारांसह त्याने बाप्तिस्मा घेतला. आल्फ्रेड त्याचा धर्मपिता झाला. वेडमोरला पार पडले ते या सोहळ्याचे उरलेले विधी. हातात असलेला मसुदा वेगळा आहे. त्यातली सीमा थेम्सवरून ली नदीला लागते, लीच्या उगमापासून सरळ बेडफर्डला जाते आणि ऊझ नदीने वॉटलिंग स्ट्रीट या जुन्या रोमन रस्त्यापर्यंत पोहोचते. ती स्वतः नकाशावर आखा. लंडन आल्फ्रेडच्या बाजूला पडतं, म्हणून बरेच अभ्यासक हा तह ८८६ ते ८९० मधला मानतात. काही जण आधीचा. आणि वॉटलिंग स्ट्रीटपुढे मजकूर गप्प आहे. अ‍ॅटलासमध्ये पुढे दिसणारी रेघ इतिहासकारांनी ओढलेली.

खरा ऐवज नंतरच्या कलमांत आहे. सीमेवर एखादा खून झाला की सूड सुरू होणार आणि तह मोडणार, म्हणून माणसाच्या जिवाची भरपाई आधीच ठरवली: इंग्रज असो वा डॅनिश, शुद्ध सोन्याचे ८ अर्धमार्क (मार्क हे वजनाचं माप). खंडाच्या जमिनीवरचा इंग्रज कुळवाडी आणि डॅनिशांचा मुक्त केलेला दास मात्र २०० शिलिंगांवर. ही बरोबरी त्या कुळवाड्याला कितपत रुचली असेल, असा प्रश्न पडायला हवा. खुनाचा आरोप आलेला राजाचा सरदार १२ सरदारांच्या शपथेने सुटे. त्याहून कमी ऐपतीच्या माणसाला ११ बरोबरीचे आणि एक सरदार लागत. चार मँकसच्या (मँकस हे सोन्यात मोजायचं मोल) वरच्या प्रत्येक दाव्याला हाच नियम. शपथ घ्यायची छाती नसेल तर तिप्पट भरा. माणसं, घोडे, बैल विकत घेताना हमीदार माहीत असलाच पाहिजे, कारण चोरीचं जनावर हे भांडणाचं नेहमीचं निमित्त. परवानगीशिवाय कुणी पलीकडच्या फौजेत जायचं नाही. गुरं किंवा माल यांचा व्यापार करायचा तर आधी ओलीस द्यायचे.

ओलीस म्हणजे हमखास शांतता, हा दुसरा गैरसमज. ८७६ मध्ये वेअरहमला डॅनिशांनी पवित्र कंकणावर शपथ घेतली, राजाखालोखालच्या मानाची माणसं ओलीस दिली, आणि त्यांची घोडेस्वार तुकडी रातोरात एक्सेटरला निसटली. फौज शाबूत होती आणि निसटायला वाट होती, तिथे ओलिसांचा धाक पुरला नाही. ८७८ मध्ये त्यांच्यामागे पराभव होता. आल्फ्रेडने हवे तेवढे ओलीस घेतले, स्वतःचा एकही दिला नाही, असं त्याचा चरित्रकार अ‍ॅसर लिहितो. तरी ८८५ मध्ये ईस्ट अँग्लियातल्या फौजेने शांतता मोडलीच.

यानंतर ८४२ च्या स्ट्रासबुर्गच्या शपथा वाचा. तिथे लुई आणि चार्ल्स या दोन फ्रँक राजांबरोबर त्यांच्या माणसांनीही शपथ घेतली: आमच्या राजाने वचन मोडलं आणि आम्हाला त्याला आवरता आलं नाही, तर त्याला मदत करणार नाही. आल्फ्रेड-गुथ्रमच्या तहात असं कलम नाही.