जुन्या हायब्रिडला नवे टायर घेताना

नवे टायर घातले आणि हायब्रिडचं (इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या गाडीचं) अ‍ॅव्हरेज पडलं, तर लगेच बॅटरीवर संशय नको. माप तेच असलं तरी टायर जास्त रोलिंग रेझिस्टन्सचे, म्हणजे फिरताना जास्त ताकद खाणारे, असू शकतात.

१. जुन्या टायरवरच्या अक्षरांचा फोटो न्या. '१९५/६५ आर १५ ९१ एच' असेल, तर शेवटचं '९१ एच'ही (९१ म्हणजे टायर किती वजन पेलतो, एच म्हणजे किती वेग सोसतो) जुळवा. हायब्रिड जड असते.

२. कमी रोलिंग रेझिस्टन्सचेच मागा.

३. टायरच्या बाजूवर 'डॉट' (DOT) या अक्षरांनंतर येणाऱ्या कोडचे शेवटचे चार अंक वाचा, ते टायर कधी बनला ते सांगतात. २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. फार जुना माल मी तरी घेत नाही, सवलत कितीही असो.

बऱ्याच हायब्रिडमध्ये मागच्या सीटजवळ बॅटरी थंड ठेवणाऱ्या हवेची जाळी असते. तिथली धूळ व्हॅक्यूमने ओढा. नारिंगी, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या, वायरींना मात्र हात लावू नका.