इंजिनीअरिंगची शाखा कशी ठरवावी आणि कॅपचा ऑप्शन फॉर्म कसा भरावा

एमएचटी-सीईटीचा पर्सेंटाइल हाती आला की सगळे एकच विचारतात, 'कॉम्प्युटर मिळेल ना?' शाखेचा विचार मात्र त्याआधीच व्हायला हवा. कॅप म्हणजे राज्याची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, आणि तिच्यात कॉलेज-शाखांचे पर्याय क्रमाने भरायचे तो ऑप्शन फॉर्म. त्याची खिडकी मोजकेच दिवस उघडी असते, आणि त्या दिवसांत घरात डोकं शांत कुणाचंच नसतं.

पायरी १ : दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम वाचा

पहिलं वर्ष बहुतेक शाखांना थोड्याफार फरकाने सारखंच असतं: गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, ग्राफिक्स, थोडं प्रोग्रॅमिंग. शाखा खरी सुरू होते दुसऱ्या वर्षी. विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या वेबसाइटवर अभ्यासक्रमाची पीडीएफ असते, ती उघडा. मेकॅनिकलला थर्मोडायनॅमिक्स आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स दिसेल, सिव्हिलला सर्व्हेइंग, इलेक्ट्रिकलला मशीन्स, कॉम्प्युटरला डेटा स्ट्रक्चर्स आणि डिस्क्रीट मॅथ्स. यातला एखादा विषय घेऊन एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन लेक्चर्सची साइट) त्याचं एक लेक्चर शेवटपर्यंत बघा, फुकट आहे. सगळं कळणार नाहीच, पण पुढचं लेक्चर लावावंसं वाटतं का, एवढं कळतं.

आता कॉम्प्युटर, आयटी, एआय अँड डेटा सायन्स या तिन्हींच्या पीडीएफ शेजारीशेजारी ठेवा. डीबीएमएस (डेटाबेसचा विषय), ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क्स सगळीकडे सापडतील. फरक आहे तो मुख्यतः शेवटच्या दोन वर्षांतल्या विषयांत. त्यामुळे चांगल्या कॉलेजातलं आयटी सोडून 'कॉम्प्युटरच हवं' म्हणून कुठलंही कॉलेज घेणं मला तरी पटत नाही. बीई की बीटेक, या वादातही वेळ घालवू नका.

पायरी २ : पुढे काय करायचंय, ते आत्ताच थोडं पाहा

एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा, जलसंपदा, बांधकाम खातं असं काही डोक्यात असेल तर सिव्हिल हा सरळ रस्ता. महावितरण, महापारेषणसाठी इलेक्ट्रिकल. सरकारी जाहिरातीत पदवीचं नाव स्पष्ट दिलेलं असतं, म्हणून नव्या नावाची शाखा घेण्याआधी जुन्या दोन-तीन जाहिराती वाचून काढा. सर्किट आवडतात पण सॉफ्टवेअरचं दारही उघडं ठेवायचंय, अशांना ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) सोयीची. केमिकलला बाहेर फारसा गाजावाजा नाही, पण माटुंग्याची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) १९३३पासून तेच शिकवते आहे. टेक्स्टाइल हवं असेल तर इचलकरंजीत डीकेटीई हे कॉलेज आहे.

पायरी ३ : कटऑफ नीट वाचा

परीक्षा आणि प्रवेश सांभाळणाऱ्या सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षीच्या प्रत्येक फेरीचे कटऑफ मिळतात. प्रत्येक शाखेखाली कोड असतात, उदाहरणार्थ 'जीओपनएच'. यातला 'जी' म्हणजे सर्वसाधारण जागा, मुलींच्या राखीव जागेला 'एल'. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं अक्षर 'एच' म्हणजे होम युनिव्हर्सिटी (कॉलेज ज्या विद्यापीठाच्या क्षेत्रात आहे, तिथल्याच मुलांची जागा), 'ओ' म्हणजे बाहेरची, 'एस' म्हणजे राज्यस्तरीय. कोडखाली दोन आकडे दिसतील: वरचा मेरिट क्रमांक, कंसातला पर्सेंटाइल. नांदेडच्या मुलाने पुण्यातल्या कॉलेजचा 'एच'चा आकडा बघून हिशोब केला, तर तो चुकणारच.

मागच्या वर्षीचा कटऑफ हा फक्त अंदाज. जागा वाढल्या की आकडा हलतो, आणि अलीकडे कॉम्प्युटरच्या जागा बऱ्याच वाढल्या आहेत.

कॉलेज तपासताना नॅकच्या (अख्ख्या कॉलेजचं मूल्यांकन करणारी संस्था) ग्रेडवर थांबू नका. एनबीए या दुसऱ्या संस्थेचं मानांकन शाखेला मिळतं, अख्ख्या कॉलेजला नाही. तुमच्या शाखेला ते आहे का, आणि कधीपर्यंत, ते बघा.

पायरी ४ : पर्याय आवडीच्या क्रमाने लावा

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. 'हे मिळणारच आहे' म्हणून सुरक्षित कॉलेज वर टाकलं, की तेच गळ्यात पडतं. २०२५च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या आणि नियम कडक होता: पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर जागा आपोआप फ्रीझ, पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पर्यायांना हाच नियम, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना. यंदाचं माहितीपत्रक उघडून हे कलम आधी वाचा.

म्हणून क्रम असा: वरती, मिळणं कठीण वाटलं तरी मनापासून हवे असलेले पर्याय, मधे आवाक्यातले, शेवटी, दुसरं काहीच नसलं तर चालतील असे. जिथे जायचंच नाही ते कॉलेज यादीत नकोच. वर कठीण पर्याय टाकल्याने खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही. वाटप तुमच्या मेरिटवर होतं.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसची शिक्षण शुल्क माफीची जागा मागता येते. तिचा चॉइस कोड (फॉर्ममध्ये त्या कॉलेज-शाखेसाठी टाकायचा क्रमांक) वेगळा असतो, शेवटी 'टी' असलेला. तो स्वतंत्रपणे टाकावा लागतो, आणि अर्थातच त्याच शाखेच्या साध्या कोडच्या वर. मुलींसाठी आणखी एक सवलत आहे: २०२४-२५पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही.

पायरी ५ : कागदपत्रं

डोमिसाइल, जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर किंवा ईडब्ल्यूएस, उत्पन्नाचा दाखला. नॉन-क्रिमीलेयरची मुदत त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत हवी. मागच्या वर्षीचं जुनं प्रमाणपत्र पुढे केलं तर अर्ज खुल्या प्रवर्गात जाऊ शकतो. सेतू केंद्रात जूनमध्ये रांगा लागतात, तेव्हा बारावीची परीक्षा संपली की लगेच अर्ज टाका.