ठोसा न खाता बॉक्सिंग: नोकरी-घर सांभाळणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात मी सकाळी साडेपाचची बॅच घेते. तिथे येणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणालाच रिंगमध्ये उतरायचं नसतं. बँकेत काम करणाऱ्या एक ताई आहेत, शिरोली एमआयडीसीतले सुपरवायझर आहेत, निवृत्त झालेले एसटीचे वाहक काका आहेत, एक आई आणि तिची कॉलेजात जाणारी लेक आहे. कुणाला साखर आटोक्यात ठेवायची आहे, कुणाचा सगळा दिवस खुर्चीत जातो, कुणाला ऑफिसचा राग कुठेतरी काढायचा आहे. या सगळ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते की बॉक्सिंगमधून तब्येतीला जे मिळतं ते पाय हलवण्यातून, ठोसा नीट मारण्यातून आणि श्वास सांभाळण्यातून मिळतं. ठोसा खाण्यातून काहीही मिळत नाही. त्यामुळे माझ्या या बॅचमध्ये कुणी कुणाच्या डोक्यावर मारत नाही.

हे मी उगाच काळजीपोटी म्हणत नाही. पुन्हापुन्हा डोक्याला मार बसलेल्या बॉक्सरांचा मेंदू कसा बिघडतो हे हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरांनी 1928 मध्येच लिहून ठेवलं आहे. हेडगार्ड घातलं की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. हेडगार्डने भुवई फुटत नाही, खरचटत नाही. पण कवटीच्या आत मेंदू हिसका खातो तो काही थांबत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधून सीनियर पुरुषांचं हेडगार्ड 2013 मध्ये काढूनच टाकलं गेलं. ज्यांना स्पर्धा खेळायची आहे ते हा धोका समजून-उमजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली पत्करतात, आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण ज्याला नऊ वाजता ऑफिसात बसून हिशेब जुळवायचे आहेत त्याने हा धोका घ्यायचं काही कारण नाही. उलटी बाजूही बघा. 2006 मध्ये इंडियानापोलिसमध्ये स्कॉट न्यूमन या पार्किन्सन्स झालेल्या वकिलाने आपल्यासारख्याच रुग्णांसाठी बॉक्सिंगचे वर्ग सुरू केले, रॉक स्टेडी बॉक्सिंग या नावाने. तिथेही कुणी कुणाला मारत नाही. तोल, चपळाई, हातापायांचा मेळ यांसाठी ती माणसं टांगलेल्या बॅगवर आणि समोरच्याने हातात धरलेल्या पॅडवर ठोसे मारतात.

आधी पाय

नवीन माणूस आला की त्याची नजर थेट बॅगकडे जाते. मी त्याला बॅगपासून लांब नेते आणि जमिनीवर खडूने एक सरळ रेघ मारते. उजव्या हाताने जेवणाऱ्याचा डावा पाय पुढे. दोन्ही पाय खांद्याइतके रुंद, एक रेघेच्या या बाजूला, एक त्या बाजूला. दोन्ही पाय एकाच रेघेवर आले की कुणीही बोटाने ढकललं तरी तुम्ही पडाल. मागची टाच किंचित उचललेली, गुडघे सैल. हनुवटी खाली, मुठी गालाच्या हाडाजवळ, कोपरं बरगड्यांना लागून.

आता चालायचं. पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागचा तेवढाच मागून. मागे जाताना मागचा आधी. डावीकडे जाताना डावा, उजवीकडे जाताना उजवा. पाय एकमेकांना चिकटवायचे नाहीत आणि कैची तर कधीच करायची नाही. एवढंच करत हॉलभर फिरायचं. पहिला आठवडा मी याशिवाय फारसं काही देत नाही. लोक कंटाळतात, पण दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखायला लागल्या की त्यांना कळतं की हा व्यायाम आहे.

तालमीतून आलेली पोरं इथे वेगळ्याच अडचणीत असतात. आमच्याकडे अशी पोरं बरीच. त्यांच्या अंगात ताकद भरपूर, पण कुस्तीची सवय म्हणून डोकं पुढे काढून, खाली वाकून उभी राहतात आणि खांदे दगडासारखे ठेवतात. त्यांना मी दोन्ही हात नुसते लोंबते ठेवून पाच मिनिटं चालायला लावते. खांदा सैल सुटला की हात आपोआप वेगाने जातो.

मूठ आणि पट्टी

घरच्या घरी यूट्यूब बघून बॅगवर हात चालवणाऱ्यांचं मनगट दुखावतं, नाहीतर करंगळीच्या मागचं हाड मोडतं. डॉक्टर त्या मोडण्याला बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात. म्हणून इथे घाई नको.

चार बोटं घट्ट मिटा. अंगठा बाहेरून, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर आडवा. अंगठा मुठीच्या आत गेला तर पहिल्याच ठोशात तो मोडू शकतो. मार लागायला हवा तो तर्जनी आणि मधलं बोट यांच्या मुळाशी असलेल्या दोन उंचवट्यांनी. करंगळीच्या बाजूने नाही. हे तपासायला भिंत पुरते: मूठ भिंतीला टेकवा, हळूहळू अंगाचा भार द्या. मनगट वर किंवा खाली वाकलं तर लगेच कळतं. हाताची पाठ आणि कोपरापर्यंतचा हात यांवर फूटपट्टी ठेवली तर ती डुगडुगता कामा नये.

ग्लोव्हजच्या आत पट्टी बांधायचीच. साधारण साडेचार मीटरची, थोडी ताणणारी घ्या. बोटं फाकवून हात पुढे धरा. फास अंगठ्यात अडकवा आणि पट्टी हाताच्या पाठीवरून मनगटाकडे न्या. मनगटाला तीन वेढे. मग तळहातावरून वर येऊन मुठीच्या उंचवट्यांवर तीन वेढे. आता करंगळी आणि अनामिका यांच्या मधून पट्टी काढा, मनगटाला फिरवून आणा, मग पुढच्या दोन बोटांमधून, मग त्याच्या पुढच्या. अंगठ्याला एक वेढा, उरलेली पट्टी पुन्हा उंचवट्यांवर आणि शेवट मनगटावर. प्रत्येक वेढ्याला घडी पडते का ते बघा, कारण तीच घडी नंतर कातडी सोलते. बोटं उघडी असताना पट्टी सुखाची वाटली पाहिजे आणि मूठ आवळली की गच्च. बोटांची टोकं बधिर झाली किंवा पांढरी पडली तर सोडून पुन्हा बांधा. बँकेतल्या त्या ताई आता बोलता बोलता बांधतात, पण सुरुवातीला एकेका हाताला त्यांची बरीच मिनिटं जायची. ती मिनिटं मी व्यायामातच धरते.

ग्लोव्हज 12 किंवा 14 औंसांचे घ्या. 10 औंसांचे सामन्यासाठी असतात. बॅगवर रोज वापरायला त्यांची गादी कमी पडते. मेरठ-जालंधरचे साधे ग्लोव्हज नवख्याला पुरतात, महागड्या जोडाची गरज नाही. वापर झाला की आत वर्तमानपत्राचा बोळा कोंबून सावलीत ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात पिशवीत बंद राहिलेल्या ग्लोव्हजना दोन दिवसांत बुरशी धरते.

श्वास

प्रत्येक ठोशाबरोबर दातांच्या फटीतून थोडा श्वास बाहेर, ‘स्स’. जॅबला (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) एक, क्रॉसला (मागच्या हाताचा सरळ ठोसा) एक. नवखी माणसं जोर लावताना श्वास धरून ठेवतात, आणि त्यानेच दम लागतो, शिवाय रक्तदाब चढतो. रक्तदाब असणाऱ्यांवर माझं लक्ष पहिल्यांदा इथेच असतं. ‘स्स’ ऐकू आलं नाही की मी फेरी थांबवते.

स्पर्धेत तीन मिनिटांची फेरी आणि मध्ये एक मिनिट विश्रांती, अशा तीन फेऱ्या असतात. आपण दोन मिनिटांच्या फेरीने सुरुवात करायची, विश्रांती मात्र पूर्ण मिनिटाची. ते मिनिट संपत आलं की मी एकेकाला विचारते, ‘आज डब्याला काय?’ उत्तर एका दमात आलं तर पुढची फेरी. ‘मेथी... आणि... भाकरी...’ असं तुटत आलं तर ती फेरी नुसती चालायची. नाडी मोजायच्या घड्याळापेक्षा मला हे जास्त खात्रीचं वाटतं.

एक सकाळ कशी असते

साधारण पन्नास मिनिटं. आधी सांधे मोकळे करणं आणि दोरीच्या उड्या. गुडघे कुरकुरत असतील तर दोरीशिवाय, जागेवरच पावलं बदलायची. उडी दोन बोटांहून उंच नको. मग शॅडोच्या दोन-तीन फेऱ्या, म्हणजे हवेत. शॅडोला लोक गंभीरपणे घेत नाहीत याचं मला वाईट वाटतं, कारण चूक इथेच दिसते आणि इथेच सुधारते. आरशासमोर उभं राहून जॅब मारा आणि दुसऱ्या हाताकडे बघा: तो गालापाशी आहे की छातीवर उतरलाय?

त्यानंतर बॅग, चार फेऱ्या. पहिल्या महिन्यात फक्त जॅब आणि क्रॉस. क्रॉसचा जोर खांद्यातून येत नाही. मागची टाच बाहेर वळते, कंबर वळते आणि हात सगळ्यात शेवटी पोचतो. ठोसा लागला की हात लगेच परत गालाशी. हात बॅगवर रेंगाळला तर बॅग लांब झुलते आणि आवाज भुसभुशीत येतो. नीट बसलेल्या ठोशाचा आवाज कोरडा, आखूड असतो आणि बॅग जागच्या जागी थरथरते. काकांना हा आवाज पहिल्यांदा साधला तेव्हा सगळा हॉल थांबला आणि टाळ्या वाजल्या. जोर पूर्ण लावायचा नाही, दहापैकी सहा-सात. हूक (कोपर वाकवून बाजूने मारायचा ठोसा) आणि अपरकट (खालून वर जाणारा ठोसा) दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, आणि तेही कुणीतरी समोर उभं राहून शिकवल्यावर. हूक चुकीचा बसला तर मनगट आणि कोपर दोन्ही धरतात.

शेवटी शांत चालणं आणि ताणाचे व्यायाम. हा भाग घाईने उरकून चपला शोधणाऱ्यांना मी परत बोलावते.

आठवड्याचा मेळ

मोठ्या माणसाने आठवड्याला मध्यम गतीचा 150 ते 300 मिनिटं किंवा जोरकस 75 ते 150 मिनिटं व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीला द्यावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बॉक्सिंगचे तीन दिवस म्हणजे जोरकस व्यायामाची सोय झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार बॅच. मंगळवारी रंकाळ्याला नुसतं चालणं. गुरुवारी आणि शनिवारी थोडी ताकद. रविवारी पूर्ण सुट्टी. रोज बॅगवर हात मारणारा माणूस मला उत्साही कमी आणि लवकर जायबंदी होणारा जास्त दिसतो.

ताकदीबद्दल एक महत्त्वाचं. बॉक्सिंगमध्ये सगळं ढकलणं आहे, दंडही ढकलणंच. खुर्चीत बसून खांदे आधीच पुढे आलेले असतात, त्यात आणखी ढकलत राहिलं तर पाठ वाकते. म्हणून ओढायचे व्यायाम हवेत. तालीम जवळ असेल तर दोर चढा, निदान त्याला लटका. नाहीतर पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन घ्या, कंबरेतून वाका आणि कोपरं मागे खेचत उचला. हलकं मुद्गल फिरवता येत असेल तर खांद्यांना त्यासारखं दुसरं औषध नाही, पण तेही शिकूनच. बैठका सगळ्यांना चालतात.

खाण्याचं फार अवघड करू नका. सकाळी निघायच्या आधी अर्धं केळं, परत आल्यावर भाकरी आणि मटकीची उसळ किंवा दोन अंडी. रविवारचा तांबडा-पांढरा बंद करा असं मी कुणाला सांगत नाही. एक मात्र ठामपणे सांगते: रेनकोट किंवा प्लास्टिकचे सूट घालून घाम गाळू नका. तसं उतरलेलं वजन पाण्याचं असतं, ते दोन तांबे प्यायल्यावर परत येतं, आणि तेवढ्यात चक्कर मात्र येऊ शकते. झोपेचंही तसंच. पाच वाजता उठायचं तर दहाच्या आत आडवं व्हायला हवं. लग्नकार्यामुळे जागरण झालं तर या, पण बॅगला हात लावू नका, चालून जा.

कुणी आधी डॉक्टरांना विचारायचं

हृदयाचा त्रास, आटोक्यात नसलेला रक्तदाब, डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन, गर्भारपण, पूर्वी डोक्याला झालेली गंभीर इजा: यातलं काही असेल तर आधी डॉक्टरांचं मत घ्या आणि ते प्रशिक्षकाला सांगा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाआधी साखर तपासा आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. छातीत दडपण, डाव्या हाताला कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही आलं की तिथेच थांबायचं, फेरी पूर्ण करायची नाही, आणि सरळ दवाखाना गाठायचा.

क्लास निवडताना एक दिवस नुसते बसून बघा. नवख्यांच्या पायांकडे कुणी लक्ष देतं का? पट्टी बांधायला शिकवतात का? तुम्ही ‘मला स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) करायचं नाही’ म्हटल्यावर प्रशिक्षकाचा चेहरा कसा होतो? पहिल्या आठवड्यातच रिंगमध्ये उभं करणाऱ्या ठिकाणी फी भरू नका. बायकांनी निःसंकोच जावं. 2021 मध्ये नागपूरच्या अल्फिया पठाणने पोलंडमध्ये युवा जागतिक स्पर्धेचं सुवर्णपदक जिंकलं, त्यानंतर आपल्या लेकींना घेऊन येणाऱ्या आया मला भेटू लागल्या, आणि त्यातल्या काही स्वतःच पट्टी मागून घेतात.

पहिल्या दिवशी येताना नखं कापा. अंगठ्या, बांगड्या, कडं घरी ठेवा. पातळ तळव्याचे बूट, पाण्याची बाटली, घाम पुसायला पंचा. ग्लोव्हज लगेच विकत घेऊ नका, पहिले दोन आठवडे ते लागणार नाहीत.