नवीन लागलात? बंद पडल्याच्या बातम्या वाचा

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात दर आठवड्याला कुणी ना कुणी मरतं. कधी जावा ही प्रोग्रामिंगची भाषा मरते, कधी मॅन्युअल टेस्टिंग, आणि हल्ली तर सरळ प्रोग्रामरच. मार्च २०२४ मध्ये डेविन नावाचा ‘पहिला एआय सॉफ्टवेअर इंजिनिअर’ जाहीर झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये एआय संशोधक आंद्रे कार्पाथींनी ‘वाइब कोडिंग’ (एआयला नुसतं सांगायचं आणि तो लिहील तो कोड घ्यायचा) हा शब्द हवेत सोडला आणि बघता बघता तो लोकांच्या रेझ्युमेवर कौशल्य म्हणून चढला. इकडे नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात आणि मिहानमध्ये मात्र जावा ८ वरचे प्रोजेक्ट निवांत चालू आहेत आणि त्यांच्या जिवावर लोकांच्या फ्लॅटचे हप्ते फिटताहेत. ही आवृत्ती मार्च २०१४ ची.

पावसाळ्याच्या तोंडाशी नवी बॅच येते. हिंगणा रोडच्या कॉलेजांतली पोट्टी, यवतमाळ-चंद्रपूरकडून आलेली, लक्ष्मीनगरात खोली करून राहणारी. संध्याकाळी खाऊगल्लीत ठेल्यापाशी उभं राहिलं की ऐकू येतं, “कालचं ते नवीन मॉडेल पाहिलं का बे? आपलं कामच संपवलं त्यानं.” संपलेलं काम दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, पुन्हा समोर उभं असतं, ती गोष्ट वेगळी.

या मुलांना मी एकच सांगत आलोय. लाँचच्या बातम्या रविवारसाठी ठेवा. रोज वाचायचंच असेल तर कुठे काय बंद पडलं आणि का, ते वाचा. लाँचची बातमी ज्याला माल विकायचा असतो त्याच्या तोंडची असते. बिघाडाचा अहवाल मात्र ज्याची चारचौघांत अब्रू गेली, त्याला गिऱ्हाईक टिकवण्यासाठी लिहावा लागतो. त्यात थापेला जागा कमी. शिवाय नोकरीची सुरुवातीची वर्षं तुम्ही नवं काही बांधणार नाही आहात, दुसऱ्याने बांधलेलं पडू नये म्हणून धावपळ करणार आहात.

१९ जुलै २०२४ चंच घ्या. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळा स्क्रीन दाखवून बंद पडली. आपल्याकडे विमान कंपन्यांनी हाताने लिहून बोर्डिंग पास दिले. टीव्हीवर दिवसभर ‘सायबर हल्ला की काय’ चाललं होतं. खरं वाचण्यासारखं पुढे ऑगस्टमध्ये आलं, मूळ कारणाचा अहवाल निघाला तेव्हा.

तो मी आमच्या टीममधल्या एका नव्या मुलीला वाचायला लावला. ती आर्वीकडची, मराठी माध्यमातली, लांबलचक इंग्रजी दिसलं की बिचकणारी. कँटीनमध्ये चहा घेऊन बसलो आणि एकेक परिच्छेद सोडवला. गोष्ट अशी होती. नियमांच्या साच्यात २१ रकाने ठरवलेले आणि प्रत्यक्ष कोड माहिती पुरवत होता २० रकान्यांचीच. आधीच्या नियमांत एकविसाव्या जागी ‘काहीही चालेल’ अशी खूण असायची, म्हणून तिकडे कुणी डोकावलंच नाही. चाचण्यांतही तीच खूण. त्या शुक्रवारच्या नियमाने पहिल्यांदा एकविसावा रकाना खरोखर मागितला. प्रोग्राम हद्दीबाहेरची मेमरी वाचायला गेला, आणि कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातच, बसलेला असल्यामुळे पडताना अख्खं मशीन घेऊन पडला. त्यात हे अपडेट टप्प्याटप्प्याने न जाता एकदम सगळीकडे गेलेलं.

“येवढंच, सर? एका रकान्यानं?”

“येवढंच. आता सांग, आपल्याकडे असं कुठं आहे?”

ती काही बोलली नाही. दुपारी डेस्कपाशी आली. आमच्याकडे एक जुनी अपलोडची सोय आहे, डीलर लोक रात्री तिथे सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली) फाइल टाकतात. कोड ओळीत रकाने किती आहेत ते न बघता डोळे झाकून चौदावा उचलतो. तिने तेरा रकान्यांची एक ओळ घुसवून फाइल टेस्टिंगच्या सर्व्हरवर सोडली होती. त्या फाइली एकगठ्ठा उरकणारा सगळा बॅच जॉब आडवा. “पाहा ना सर, क्रॅश होऊन राहिला!” कुणाला पगारवाढीची बातमी सांगतानाही मी इतकं खूश पाहिलेलं नाही. तिच्या नावावरची तोवरची सगळी तिकिटं, म्हणजे नोंदवलेली कामं, दुसऱ्यांनी वाटून दिलेली होती, हे पहिलं तिने स्वतः काढलं.

अहवाल वाचताना घटनाक्रमावर जरा रेंगाळा. १८ नोव्हेंबर २०२५ ला असंख्य वेबसाइटींची ये-जा आपल्या जाळ्यातून नेणारं क्लाउडफ्लेअर अडखळलं आणि त्याबरोबर एक्स, चॅटजीपीटी वगैरे. त्यांच्या लोकांना आधी वाटलं, मोठा हल्ला आहे. दुर्दैव असं, की सेवा चालू की बंद ते दाखवणारं, त्यांच्या यंत्रणेबाहेर ठेवलेलं स्टेटस पेजही योगायोगाने तेव्हाच बंद पडलं आणि संशय पक्का झाला. प्रत्यक्षात डेटाबेसच्या परवानग्यांत एक बदल केला होता. त्यामुळे डेटाबेसला विचारलेल्या एका क्वेरीत त्याच त्या ओळी पुन्हा यायला लागल्या, त्यातून बनणारी फाइल दुपटीने फुगली, आणि ती वाचणाऱ्या प्रोग्रामने २०० फीचर्सची (म्हणजे त्या फाइलमधल्या नोंदींची) मर्यादा ओलांडलेली पाहून मान टाकली. कारण तर कळतंच, पण हुशार माणसं चुकीच्या दिशेने कशी पळाली तेही त्यांनी लिहून ठेवलंय. पहिल्यांदा ऑन-कॉलला, म्हणजे बिघाड झाला तर धावायच्या पाळीला, बसाल तेव्हा हे आठवेल.

एआयचं काय, हा प्रश्न येणारच. वापरा. मी रोज वापरतो. पण जुलै २०२५ मध्ये मेटर या संस्थेने जाहीर केलेला एक प्रयोग माहीत असू द्या. १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर, त्यांच्याच रोजच्या प्रोजेक्टमधली २४६ कामं, काही एआय घेऊन तर काही एआयविना. एआय घेऊन केलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. काम संपल्यावर त्यांना विचारलं तर म्हणे, आम्ही २० टक्के लवकर उरकलं! १६ जणांवरून जगाचा निकाल लागत नाही, आणि साधनंही तेव्हापासून बदलली. तरी ‘झटक्यात झालं’ असं वाटलं की घड्याळ बघायची सवय लावा. इंटरव्ह्यू घेताना मी छापलेला एक छोटा कोड पुढे ठेवतो आणि विचारतो, हा काय करतो आणि कुठे फसेल? एजंटिक एआयवर (आपणहून कामं उरकणाऱ्या एआयवर) न थांबता बोलणारी पोरं इथे एसीतही घाम पुसतात.

नोकरकपातीची बातमी मात्र तुमच्याआधी तुमच्या घरी पोचते. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार, म्हणजे साधारण २ टक्के माणसं कमी करणार असल्याचं सांगितलं. टीव्हीवर पट्टी फिरली, की वर्ध्याहून काकांचा फोन आलाच: “काय म्हणते कंपनी? एमपीएससीचा फॉर्म तेवढा भरून ठेव.” कंपनी वेगळी असली तरी काकांना त्याने फरक पडत नाही. बातमी पूर्ण वाचली तर दिसतं, की ही कपात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली होती. म्हणजे घाबरायचं कुणी, तर माझ्यासारख्यांनी. नवख्यांना बसणारा फटका मथळ्यात येत नाही. ऑफर लेटर हातात असतं आणि जॉइनिंगची तारीख पुढे पुढे जात राहते. अशा वेळी दर महिन्याला एचआरला मेल टाका, लेखी उत्तर मागा आणि दुसरीकडे अर्ज चालू ठेवा.

‘पुण्याला जाऊ का?’ याचं उत्तर कुठल्याच बातमीत नसतं. तिथे काम कुठल्या प्रोजेक्टवर आणि खोलीचं भाडं किती, हे दोन विचारा. ट्रॅव्हल्स काय, रोज रात्री सुटते.

सुरुवात करायची तर गिटलॅबचा (ही कोड साठवायची सोय देणारी कंपनी) ३१ जानेवारी २०१७ च्या घटनेवरचा अहवाल घ्या. सोपा आहे, फारशी लपवाछपवी नाही. रात्री उशिरा एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड मारली. लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअप शोधायला गेले तर एकेक सोय बंद निघाली. एक बॅकअप फसत होता, तसे इशाऱ्याचे मेलही सुटत होते, पण पलीकडचा मेल सर्व्हर ते नाकारत होता, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. शेवटी सहा तास आधी भलत्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत सापडली आणि तिच्यावर निभावलं.

वाचून झालं की तुमच्या लीडला विचारा, मीटिंगमध्ये नको, चहाला गेल्यावर, की आपला बॅकअप परत उभा करून शेवटचा कधी पाहिला होता? तो क्षणभर छताकडे बघेल आणि म्हणेल, इन्फ्रावाल्यांना, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना, विचार. इन्फ्रावाले पुन्हा त्याच्याकडे धाडतील. अशा दोन-चार चकरा झाल्या की ते काम तुमच्याच नावावर चढेल. चढू द्या.