प्रीगाबालिन आणि मेलाटोनिन एकत्र घेताना

मधुमेहामुळे पायांची आग होणाऱ्या अनेक रुग्णांना प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन दिले जाते, आणि झोप लागत नाही म्हणून त्यांतले काही जण मेलाटोनिनची गोळी स्वतःहून आणतात. प्रीगाबालिन जवळजवळ जसेच्या तसे मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, तर मेलाटोनिनचे विघटन यकृतात होते. त्यामुळे ही दोन्ही एकमेकांच्या निचऱ्यात फारशी आड येत नाहीत. खरा धोका गुंगीची बेरीज होण्याचा आहे.

प्रथम औषधाच्या पाकिटावरील घटक वाचावेत, कारण आपल्याकडे प्रीगाबालिनसोबत नॉरट्रिप्टिलिन असलेल्या गोळ्या सर्रास मिळतात आणि त्यानेही सुस्ती येते. मग डॉक्टरांना विचारून मेलाटोनिनची सुरुवात कमीत कमी मात्रेने, झोपण्याच्या तास-दीड तास आधी करावी. बाजारातील १० मिलिग्रॅमची गोळी पहिल्याच रात्री घेणे मला अविचाराचे वाटते. प्रीगाबालिनची मात्रा नुकतीच वाढवली असेल, तर तिची सवय होईपर्यंत थांबावे. मद्य पूर्ण टाळावे आणि सकाळी डोके जड असल्यास दुचाकी काढू नये. ज्येष्ठांनी रात्री लघवीला उठण्याच्या वाटेवर दिवा ठेवावा.

मूत्रपिंडाचा विकार, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असल्यास, अथवा ट्रामाडोलसारखी वेदनाशामके चालू असल्यास हा प्रयोग स्वतःहून मुळीच करू नये. श्वास मंदावला, ओठ निळसर पडले किंवा माणूस हाक मारूनही उठेना, तर १०८ क्रमांकावर लगेच फोन करावा. गुंगी जास्त वाटली तरी प्रीगाबालिन एकाएकी बंद करू नये. आधी मेलाटोनिन थांबवून डॉक्टरांना कळवावे.