जुनी डिझेल पिकअप मिसिंग मारते? नोझल उतरवण्याआधी हवा शोधा

पिकअप स्लोवर (रेस न देता) थडथडायला लागली, घाटात दम सोडायला लागली, की बऱ्याच गॅरेजात एकच निदान ऐकू येतं: "नोझल गेलेत, पंपवाल्याकडे टाकू." मग सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चारही नोझल उतरतात, त्यांना दाबाने डिझेल देणारा पंपही उतरतो, भरभक्कम बिल होतं आणि थोड्याच दिवसांत थडथड परत सुरू. मिसिंग, म्हणजे सिलिंडर नीट न पेटणं, कुठून येतंय हे कुणी बघितलेलंच नसतं.

पुढचं सगळं यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्यांसाठी आहे. म्हणजे महिंद्राचं २५२३ सीसीचं डीआय इंजिन असलेल्या पिकअप, टाटा २०७ डीआय आणि त्या पिढीतल्या इतर. गाडी कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच दाबनळीतून डिझेल देणारी, कॉम्प्युटरवर चालणारी) असेल तर यातलं काहीही करू नका. तिथे दाब हजार बारच्या वर जातो आणि सैल नटातून सुटलेली डिझेलची धार थेट कातडीत घुसते. जुन्या गाडीतही दाब कमी नसतो. डोळ्यांवर चष्मा हवा, हात धारेसमोर नको, आणि कधी डिझेल कातडीखाली गेलंच तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं.

१. एकच सिलिंडर मरतोय का?

इंजिन गरम करा आणि स्लोवर ठेवा. एका नोझलच्या पाइपचा नट (बहुतेक ठिकाणी १७ नंबरचा पाना लागतो) कापड गुंडाळून अर्धा फेरा सैल करा, आवाज ऐका, परत घट्ट करा. मग पुढचा. चांगला सिलिंडर असा कापला (त्याचं डिझेल तोडलं) की इंजिन लगेच लंगडतं. ज्याचा नट सैल करूनही आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला आहे.

दरवेळी तोच सिलिंडर सापडला तर थेट तिसऱ्या पायरीवर जा. चारही एकेक करून कापल्यावर दरवेळी इंजिन लंगडतं, पण मिसिंग येतं-जातं, कधी सकाळी, कधी चढावर, कधी रेस केल्यावर, तर बहुतेक वेळा नोझल निर्दोष असतात. लाइनमध्ये हवा किंवा पाणी आहे.

२. हवा

आधी फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून पाणी काढा, फिल्टर जुने असतील तर बदला. पावसाळ्यात एवढ्यानेच काम होऊन जातं. नाही झालं, तर खरी डोकेदुखी इथून पुढे. मला या गाड्यांत जेवढं छळलंय ते हवेनंच, कारण हवेची गळती दिसत नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप) लाइनमध्ये ओढ असते. तिथे चीर असली तर चालू गाडीत डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पाइप कोरडा ठणठणीत दिसतो आणि मेकॅनिक म्हणतो, "लाइन ओके आहे." फीड पंपाच्या पुढे दाब असतो, तिथली गळती ओली दिसते. नोझलना डिझेल देणारा मुख्य पंप रोटरी (गोल फिरणाऱ्या एकाच भागातून सगळ्यांना डिझेल वाटणारा) असेल आणि वेगळा फीड पंप नसेल, तर फिल्टरसकट सगळी लाइन ओढीवर चालते. त्यामुळे फिल्टरच्या ओरिंगवरही तितकाच संशय घ्या.

गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी हार्डवेअरच्या दुकानातून हातभर आणा. फीड पंपाच्या आधी (रोटरी पंपाच्या गाडीत पंपाच्या तोंडाशी) ती क्लिप मारून बसवा आणि इंजिन चालू करा. सुरुवातीचे बुडबुडे तुम्हीच पाइप उघडल्यामुळे आलेले असतात, ते जाऊ द्या. त्यानंतरही मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येतच राहिले, रेस दिल्यावर वाढले, तर चोर सापडला. तपासणी झाली की नळी काढून टाका. ती डिझेलमध्ये कडक होऊन तडकते आणि तुम्हीच नवी गळती लावून ठेवता.

आता चोर नेमका कुठे? टाकीकडून येणारा पाइप सोडा आणि त्याजागी स्वच्छ डिझेलच्या पाच लिटरच्या कॅनमधून नळी जोडा. कॅन आधी टाकीच्याच उंचीवर ठेवा. मिसिंग थांबलं तर दोष टाकीच्या बाजूला. नाही थांबलं तर कॅन इंजिनापेक्षा उंच धरा. ओढीच्या जागी आता थोडा दाब येतो, आणि कॅनच्या पुढच्या जोडात कुठे चीर असेल तर ती हळूहळू ओली व्हायला लागते. आधी सगळे जोड चिंधीने कोरडे करून ठेवा म्हणजे ओल कळेल. टाकीत कॉम्प्रेसरची हवा मारून गळती शोधणारे लोक आहेत. त्यांच्या हातात गाडी देऊ नका.

एक खूण लक्षात ठेवा. टाकी फुल असताना गाडी गुणी, पाव टाकीवर आली की मिसिंग, असं असेल तर टाकीतल्या ओढनळीलाच चीर आहे. डिझेल चिरेच्या खाली गेलं की नळी हवा ओढते. बाहेरचे पाइप कितीही बदला, फरक पडणार नाही.

बॅन्जो बोल्टची (पाइपचा गोल डोळा आवळणारा पोकळ बोल्ट) तांब्याची वॉशर दरवेळी नवी टाका. जुनी वॉशर पॉलिश पेपरवर घासून लावणं हा कंजूषपणा महाग पडतो. आणि टेफ्लॉन टेप इथे अजिबात नाही. तिचे धागे सुटून पुढे पंपात जातात.

शेवटी एअर काढणं. फिल्टरच्या वरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून हँड पंप (हाताने डिझेल चढवायचा) मारत राहा, फेस संपून सलग धार आली की धार चालू असतानाच स्क्रू घट्ट करा. पंप मारायचा थांबवून मग स्क्रू आवळला तर हवा परत आत जाते. त्यानंतर पंपाचा स्क्रू, तसंच. मग पाइपचे नट सैल करून स्टार्टर, एका दमात दहा-पंधरा सेकंदांच्या वर नाही.

३. तोच सिलिंडर मरत असेल तर

त्याचा नोझल शेजारच्या सिलिंडरच्या नोझलशी अदलाबदल करा. मिसिंग नोझलबरोबर सरकलं तर तेवढाच नोझल पंपवाल्याकडे पाठवा, चार नाही. बसवताना खाली नवं वॉशर टाका, आणि जुनं हेडमध्ये चिकटून राहिलं नाही ना हे टॉर्च मारून बघा. दोन वॉशर एकावर एक बसली तर नोझलची उंचीच चुकते.

मिसिंग जागचं हललं नाही तर थंड इंजिनावर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली फट) तपासा. गॅप मॅन्युअलमध्ये बघून लावा, अंदाजाने नको. मग कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते) मोजा. एका सिलिंडरचा आकडा बाकी तिघांपेक्षा फारच खाली आला तर व्हॉल्व्ह, रिंगा किंवा हेड गॅस्केट. इंजिन उघडावं लागेल. आकडे सारखे असतील, तरच पंप उतरवायचा.